नव्या कानांचा रविवार

"सूर्य बुडायच्या आत, बाय. आयतवार तेवढा सांभाळ. गोष्ट नव्या कानांत शेवटपर्यंत गेली पाहिजे, अर्धीमुर्धी नव्हे. मगच पान मांडून घे."

हा आवाज देवकीच्या सासूचा, आनंदीचा. आनंदी जाऊन नऊ वर्षं झाली होती. पण दर रविवारी पहाटे देवकी चुलीवर चहाचं आधण ठेवायला वाकली की तो आवाज कानाशी यायचा, आणि नऊ वर्षांत तो जराही हळू झाला नव्हता. उलट जिवंतपणी सासू थोडी मऊ बोलायची, असं देवकीला कधीकधी वाटे. ती हात जोडून "होय, मांय" म्हणे आणि चहा घेई. चहाबद्दल सासूने काही सांगून ठेवलं नव्हतं. देवकीनेही विचारलं नव्हतं.

नेमाची हकीकत केरी गावात सगळ्यांना ठाऊक होती. देवकीचा नवरा पांडुरंग सात वर्षांचा असताना तापाने फणफणला, एकवीस दिवस शुद्धीवर नव्हता. तेव्हा आनंदीने वारुळाच्या रूपात पुजल्या जाणाऱ्या सातेरी देवीपुढे पदर पसरला, की पोर उठू दे, दर आयतवारी एका नव्या माणसाला तुझी पाण्याची गोष्ट सांगेन आणि मगच तोंडात घास घालीन. पोर उठलं. आनंदीने एकतीस वर्षं गोष्ट सांगितली, आणि जाताना सुनेचा हात हातात धरून नेम तिच्या ओंजळीत घातला.

नेमाला तीन अटी होत्या. ऐकणाऱ्याने ती आधी ऐकलेली असता कामा नये, म्हणून सुरुवातीलाच विचारून घ्यायचं. ऐकणाऱ्याने अधूनमधून हुंकार द्यायचा, म्हणजे तो जागा आहे हे कळतं. आणि शेवटी त्याने म्हणायचं, "ऐकली. पुढे सांगेन."

चाळीस वर्षांचे रविवार म्हणजे दोन हजारांवर माणसं. केरीसारख्या गावाला हे फार झालं. पहिल्या दहा वर्षांत सोयरेधायरे संपले, मग वाड्यावरचे, मग तरीवर होडीची वाट पाहणारे परके. नवी सून गावात आली की तिची हळद उतरायच्या आत आनंदी दारात हजर. काकणं भरायला येणारी बाई रविवार टाळू लागली. देवकीच्या हाती नेम आला तेव्हा गावात नवे कान उरलेच नव्हते. ती रस्त्याने येताना दिसली की लोक लांबूनच हात वर करून म्हणत, ऐकलीय हो, ऐकलीय. पुढे सांगेन असं सगळ्यांनीच म्हटलं होतं, पण निघताना 'येतो' म्हणतात त्याच्याइतकंच ते खरं होतं. दोन हजारांतल्या एकानेही ती कोणाला सांगितल्याचं ऐकिवात नव्हतं.

पांडुरंग हसून म्हणे, "माझा ताप उतरला तो गावाला चढला."

म्हणून चार वर्षांपूर्वी म्हापशाचा प्रज्योत, लांबच्या नात्यातला भाचा, घरी आला आणि म्हणाला की मावशी, मी दर रविवारी सहली काढतोय, किनाऱ्यावरची जुनी गावं, किल्ले, देवळं दाखवायची, मला माहिती सांगणारं माणूस हवं आहे, तेव्हा देवकीने त्याचं बोलणं पुरं व्हायच्या आत हो म्हटलं. तो चकितच झाला. पंचवीस नवी माणसं, दर रविवारी, दारं लावलेल्या बसमध्ये. सातेरीनेच धाडली, दुसरं काय. देवकीचा आवाज इतका हळू, की प्रज्योतला तिच्यासाठी खास माइक घ्यावा लागला. पण सगळ्या नोंदी पाठ, देवळाच्या दीपस्तंभापासून किल्ल्यावरच्या तोफेपर्यंत. लोक खूश होते. माहितीच्या मधे कुठेतरी ती एक गोष्ट सांगते आणि त्या वेळी तिचे डोळे सारखे कोणाच्या तरी तोंडाकडे लागलेले असतात, एवढंच काहीजणांना जाणवे.

बसमध्ये हे सगळं फक्त दत्तारामला माहीत होतं. दत्ताराम बसचा चालक, सावंतवाडीकडचा. गोष्ट त्याला तोंडपाठ होती आणि अर्थात त्याचे कान बाद होते. पण तो तिच्या बाजूचा होता. गोष्ट सातव्या घरापर्यंत आली की तो गाडी आपोआप हळू करी, आणि सहल संपताना मान न वळवता विचारी, "वयनी, आज कान गावले काय?" आजवर ती दर रविवारी हो म्हणत आली होती.

हा जानेवारीतला रविवार मात्र तिला जरा जड जात होता. दुसऱ्या दिवशी पांडुरंगला डोळ्याच्या शस्त्रक्रियेसाठी म्हापशाला न्यायचं होतं. मोतीबिंदूच तो, डॉक्टर म्हणाले होते त्यात भिण्यासारखं काही नाही. देवकी भीतही नव्हती. पण ज्याच्यासाठी नेम धरला त्याच्याच शस्त्रक्रियेच्या आदल्या दिवशी तो मोडायचा, हे तिला बरं दिसलं नसतं. देवीला तर नाहीच नाही.

आणि त्यात आजची मंडळी डिचोलीची. पेन्शनरांची संघटना, बावीस जण.

डिचोलीच्या बसस्टँडवर ते सात वाजताच जमले होते आणि देवकी पोचली तेव्हा जनेलाकडच्या, म्हणजे खिडकीच्या, जागांवरून तंटा सुरू झाला होता. तो सुमनबाईंनी मिटवला. सुमनबाई म्हणजे तालुक्यातल्या एका शाळेच्या निवृत्त मुख्याध्यापिका. जनेलाकडची पहिली जागा त्यांनी स्वतः घेतली आणि बाकीच्यांना वयाप्रमाणे बसवलं, म्हणजे वय त्यांनीच ठरवलं. त्यांच्यामागून एक उंच, किडकिडीत गृहस्थ दोन पिशव्या, छत्री आणि चहाचा थर्मास घेऊन चढले. ते त्यांचे यजमान भिकाजी, खाणीच्या कचेरीतून निवृत्त झालेले. देवकीने त्यांना नमस्कार केला. ते काहीतरी म्हणणार होते, पण सुमनबाईंनी सांगितलं की त्यांना म्हणायचं आहे थर्मास कुठे ठेवू. भिकाजींनी मान हलवली. त्यांना ते म्हणायचं होतं की नाही, कोण जाणे.

कोलवाळचा पूल ओलांडल्यावर देवकीने माइक हातात घेतला. पोट रिकामं असलं की आवाज चांगला लागतो, हा तिचा अनुभव. तिने सगळ्यांना एकदम विचारलं, ही गोष्ट कोणी आधी ऐकली नाही ना? कोणीच उत्तर दिलं नाही. मग तिने सुरुवात केली, की समुद्राकाठी एक गाव होता, गावात सात घरं, सातही घरांत विहिरी आणि सातही विहिरींचं पाणी खारं. एका भर दुपारी एक म्हातारी आली. पायांना वारुळाची लाल माती, हातात काठी. पहिल्या घरी जाऊन म्हणाली, बाय, तहान लागली आहे, पण पाणी मागाहून दे. आधी माझी गोष्ट ऐक.

इथे मागच्या बांकावरून कृष्णनाथ उठून उभे राहिले. हे कोर्टात कारकून होते. हरकत घेतल्याशिवाय त्यांना बसवत नसे. त्यांची हरकत अशी, की राज्य झालं, भाषेचा कायदा झाला, मग सरकारमान्य कोकणी सोडून ही बाई मराठीत का सांगते? पुढच्या बांकावरून कोणीतरी विचारलं की तुमच्या घरातली आरती कोणत्या भाषेत होते? मग बस दोन भागांत विभागली गेली, डावी कोकणीची, उजवी मराठीची. दोन्ही बाजू एकमेकींना दोन्ही भाषांत ऐकवत होत्या. देवकी माइक धरून उभी होती. सातेरीला दोन्ही कळत असणार, तिने मनाशी म्हटलं, एवढा आवाज तर तिच्या कानावर गेलाच असेल. शेवटी सुमनबाईंनी टाळी वाजवून सगळ्यांना भजन म्हणायला लावलं आणि पेडणे येईपर्यंत ते चाललं. म्हातारी पहिल्याच घराच्या दारात उभी राहिली.

पेडण्याला न्याहारी, उंडे म्हणजे गोल पाव आणि पातळभाजी, झाली. देवकीने पाणी घेतलं. पेडण्यातलं देऊळ दाखवून, जुन्या बाजाराची हकीकत सांगून, ते हरमलला निघाले.

हरमलला तिला आशा होती. डोंगराच्या कुशीत, खाऱ्या समुद्राच्या अगदी शेजारी गोड्या पाण्याचं तळं आहे. ही गोष्ट सांगायला याहून चांगली जागा कुठे मिळणार? तिने सहा बायका आणि कृष्णनाथ यांना खडकावर सावलीत बसवलं. कृष्णनाथांना तिने मुद्दाम बोलावलं, आणि सुरुवातीची दोन वाक्यं कोकणीत घेतली. ते विरघळले. हुंकारही देऊ लागले. म्हातारी दुसऱ्या घरी गेली, त्या बाईने सांगितलं माझं भात अंगणात वाळत आहे, गुरं खातील. तिसऱ्या घरी गेली, तिथली म्हणाली माझं पोर रडतंय.

तेवढ्यात तळ्यातून तीन परदेशी माणसं बाहेर आली. दोन पुरुष आणि एक बाई. त्यांच्या अंगावर जे काही होतं ते एका हातरुमालात मावलं असतं. हुंकार थांबला. बायकांनी पदर तोंडाला लावले, पण डोळे उघडे ठेवून. कृष्णनाथांनी टोपी काढून वारा घ्यायला सुरुवात केली. सुमनबाई उठल्या आणि शाळेच्या आवाजात म्हणाल्या, "सगळ्यांनी डोळे मिटा आणि चला."

डोळे मिटून कसं चालणार, हे विचारायची कोणाची छाती झाली नाही. पुरुष मंडळी फार हळू चालत आली. चौथ्या घरात काय झालं हे कोणालाच नको होतं.

जेवण केरीत, देवकीच्या ओळखीच्या घरी ठेवलेलं. ओसरीवर पानं मांडली, वर सोलकढीचा वास. देवकी वाढायला उभी राहिली आणि बसली नाही. हे सुमनबाईंच्या लक्षात आलं. त्यांनी कारण विचारलं. देवकी म्हणाली, माझा नेम आहे. मग सुमनबाईंनी उपाशी राहिल्याने पित्त कसं होतं, पित्ताने डोकं कसं दुखतं आणि त्यांच्या मावसबहिणीचं काय झालं, हे सांगितलं. मावसबहीण बरी झाली तोवर ताक संपलं. नेम काय आहे, हे विचारायचं राहून गेलं.

जेवणानंतर कृष्णनाथ आपण होऊन ओसरीच्या टोकाला तिच्याजवळ येऊन बसले. सकाळचं त्यांना लागून राहिलं असावं. म्हणाले, ती तुमची म्हातारी, तिचं पुढे सांगा. नियमाप्रमाणे देवकीने परत पहिल्यापासून धरली. सात घरं, सात विहिरी. भात, पोर, चौथ्या घरी नवऱ्याची वाट, पाचव्या घरी चुलीवरचं दूध. हुंकार नीट येत होते. सहाव्या घराच्या पायरीवर म्हातारीने पाय ठेवला आणि देवकीच्या लक्षात आलं की हुंकार आता नाकातून येत आहेत.

तिने त्यांच्या डोक्याखाली उशी दिली.

तेरेखोलला जायला बस केरीच्या धक्क्यावर ठेवून फेरीबोटीने पलीकडे जावं लागतं. दत्तारामने गाडी सुरूच्या झाडांखाली लावली आणि देवकीकडे नुसतं बघितलं. तिने नकाराची मान हलवली. त्याने घड्याळाकडे बघितलं. तीन वाजून वीस मिनिटं.

किल्ल्यावर तिने आपलं काम चोख केलं. तोफा दाखवल्या, आतलं चर्च दाखवलं, नदी समुद्राला मिळते ती रेघ दाखवली, पलीकडचा महाराष्ट्र दाखवला. पण बोलता बोलता तिच्या आवाजाला चिरा पडत होत्या. वारा होता, दिवसभरात तीनदा गोष्ट झाली होती, आणि किल्ल्यावर माइक नव्हता. पाच वाजता ते उतरून धक्क्यावर आले तेव्हा पुरी ओहोटी होती आणि फेरीबोट पलीकडेच थांबली होती. पाणी चढल्याशिवाय निघणार नाही, म्हणाले. सुमनबाईंनी मंडळींना वाळूत गोल बसवून भजनाच्या भेंड्या सुरू केल्या.

देवकी बाजूला एका दगडावर बसली. सूर्य अजून वर होता, पण आता तो उतरणीला लागला होता, आणि ती त्याच्याकडे असं बघत होती जसं उतू जाणाऱ्या दुधाकडे बघतात.

भिकाजी भेंड्यांतून उठून तिच्याजवळ आले. थर्मास त्यांच्या हातातच होता. चहा घ्याल का म्हणून विचारलं, आणि दिवसभरात कोणी त्यांचं वाक्य पुरं होऊ दिलेलं देवकीने पाहिलं ते तेव्हाच. तिने चहा घेतला. मग ते हळूच म्हणाले, सकाळची ती गोष्ट, पुरी सांगाल?

देवकीने विचारायचं ते, ही आधी ऐकली आहे का, विचारलंच नाही. भूक लागलेल्या माणसाच्या पुढे पान आलं की तो आचमन विसरतो, तसं झालं. तिने सरळ सुरुवात केली. आणि काय ऐकणारा मिळाला होता! मान थोडी वाकडी, डोळे पाण्यावर, प्रत्येक घराला एक हुंकार, ना कमी ना जास्त. देवकीने कधी कोणाला सांगितली नसेल इतकी सावकाश गोष्ट सांगितली. सहाव्या घरच्या बाईला वेणी घालायची होती. सातव्या घरात नवी सून होती. तिच्याकडे वाळत घातलेलं भात नव्हतं, पोर नव्हतं, चुलीवर काही नव्हतं, कारण घरातच काही नव्हतं. ती खाली बसली आणि म्हणाली, सांगा आजी. म्हातारीने सांगितली. दुपार गेली, तिन्हीसांजा झाल्या. गोष्ट संपली तेव्हा म्हातारी म्हणाली, आता पाणी दे. सून म्हणाली, आजी, आमचं पाणी खारं, ते तुम्हांला कसं देऊ? म्हातारी म्हणाली, तू ऐकलीस ना, मग काढून तर बघ. सुनेने कळशी सोडली. पाणी गोड. ती द्यायला वळली तर म्हातारी नाही, ती बसली होती तिथे वारूळ. दुसऱ्या दिवशी सहा घरच्या सहा बायका कळश्या घेऊन आल्या. सून म्हणाली, देते, पण आधी बसा.

"ऐकली," भिकाजी म्हणाले. पुढचे दोन शब्द त्यांनी म्हटले की नाही, हे बोटीच्या भोंग्यात देवकीला ऐकू आलं नाही.

पलीकडून बोट निघाली होती. देवकीला एकदम हलकं वाटलं. बोटीत ती कडेला उभी राहिली आणि मनातल्या मनात सासूला म्हणाली, झाली हो मांय. पांडुरंगचा डोळाही तिने मनातच देवीच्या पायांवर ठेवला.

केरीला उतरल्यावर मंडळी दमून थेट बसमध्ये जाऊन बसली. निम्म्यांचे डोळे लागले. देवकी सुरूच्या झाडाखाली बसली आणि पिशवीतून डबा काढला. गूळखोबरं घातलेले पोहे, पहाटेचे. झाकण उघडलं तर समोर भिकाजींची सावली पडली.

"थांबा," ते म्हणाले. "खाऊ नका."

देवकीने वर बघितलं.

ते तिच्यासमोर वाळूत बसले, अवघडत, गुडघे सांभाळत. तोंड बोटीतूनच उतरलेलं होतं, आता तिच्या लक्षात आलं.

"मी ही गोष्ट ऐकली होती," भिकाजी म्हणाले. "इथेच, या धक्क्यावर. त्रेसष्ट साली. मोजणीवाल्यांबरोबर साखळी धरायला आलो होतो. एका बाईने होडीत बसू दिलं नाही. म्हणाली, आधी ऐक. कपाळावर गोंदण होतं त्यांच्या."

"माझी सासू," देवकी म्हणाली. आवाज फुटेना, नुसता श्वास आला.

त्यांनी मान हलवली. डिचोलीला सहलीच्या यादीत केरीचं नाव वाचलं तेव्हाच त्यांनी सहलीला यायचं ठरवलं होतं. त्या बाईला भेटून एक कबुली द्यायची होती. सकाळी बसमध्ये पहिलं वाक्य ऐकलं तेव्हा ओळख पटली. पण ती पुन्हा एकदा शेवटपर्यंत ऐकायची त्यांना इतकी ओढ होती, की पलीकडच्या धक्क्यावर त्यांनी तोंड बंद ठेवलं. तिथे तुम्ही विचारलं असतं तर खोटं बोललो नसतो, ते म्हणाले. तुम्ही विचारलंच नाहीत.

देवकीने डब्यावर झाकण ठेवलं. राग आला होता की नाही हे तिला सांगता आलं नसतं. तिने फक्त सूर्याकडे बघितलं. आडवे धरलेले दोन हात, एवढंच अंतर उरलं होतं. बसमध्ये अर्धी माणसं घोरत होती, आणि जी जागी होती त्यांना गोष्ट सांगायला तिच्याकडे आवाज नव्हता. माइक होता, पण माइक नसलेला आवाज मोठा करत नाही. तिने घसा खाकरून "समुद्राकाठी" एवढं म्हणून पाहिलं. ते तिलाच ऐकू आलं नाही.

"कबुली कसली?" तिने ओठांनीच विचारलं.

"पुढे सांगेन म्हटलं होतं," भिकाजी म्हणाले. "बत्तीस वर्षं झाली. लग्नाच्या पहिल्या वर्षी हिला सांगायला बसलो. पहिल्या घरापर्यंत गेलो."

"मग?"

"मग ही म्हणाली, पुढचं मला ठाऊक आहे."

देवकीला हसू आलं आणि ते तिने आवरलं नाही. भिकाजीही हसले, ओशाळून. मग म्हणाले की त्रेसष्ट सालीच, गोष्ट ऐकल्यावर, त्यांनी आनंदीला एक विचारलं होतं. म्हातारीने त्या सुनेला कोणती गोष्ट सांगितली? ती तर गोष्टीत येतच नाही. आनंदी म्हणाली होती, तू कोणाला सांगशील तेव्हा तुला कळेल.

हे देवकीने कधीच ऐकलं नव्हतं. नऊ वर्षं ती गोष्ट सांगत होती आणि तिच्या मनात हे आलंच नव्हतं. ती दर रविवारी समोरच्याच्या तोंडाकडे बघत बसली होती, तो जागा आहे का म्हणून.

आणि तेवढ्यात तो आवाज कानाशी आला, पहाटेचा, चुलीपाशी येतो तोच. गोष्ट नव्या कानांत शेवटपर्यंत गेली पाहिजे. कोणी सांगायची, हे सासू बोललीच नव्हती. देवकीनेही विचारलं नव्हतं. चहासारखंच.

तिने किनाऱ्याकडे बघितलं. बसमध्ये न चढलेलं एकच माणूस तिकडे होतं. पाण्याजवळ उपड्या घातलेल्या होडीवर सुमनबाई बसल्या होत्या, वहाणांतली वाळू झटकत, आणि मधूनमधून मान वर करून आपला नवरा आणि थर्मास कुठे गेले ते शोधत. नवे कान. म्हणजे अगदी कोरे. दिवसभरात त्यांनी कोणाचंच शेवटपर्यंत ऐकलं नव्हतं.

देवकीने बोटाने तिकडे दाखवलं.

भिकाजींनी त्या दिशेला बघितलं आणि त्यांचा चेहरा असा झाला, की जणू कोणी त्यांना पोहत तेरेखोलला जायला सांगितलं आहे.

"ती ऐकायची नाही," ते म्हणाले.

देवकीने खांदे उडवले. मग वाकून, उरल्यासुरल्या आवाजात, एकेक शब्द तोडून म्हणाली, "थकल्या आहेत त्या. आज ऐकतील. हुंकार मागा."

दत्ताराम केव्हाचा बसच्या दारात उभा होता. त्याने किती ऐकलं होतं कोण जाणे, पण त्याला गोष्ट पाठ होती आणि सूर्यही दिसत होता. त्याने गाडीचं तोंड, मग मागचं चाक, मग देवकीचं तोंड बघितलं.

"वयनी, चाकां बगूक व्हयी," तो मोठ्याने म्हणाला, म्हणजे बसमधल्यांना ऐकू जाईल असं. "चारय. येळ लागतलो." आणि पाना घेऊन, अजिबात न बिघडलेल्या चाकाशी उकिडवा बसला.

भिकाजी उठले. कपड्यांवरची वाळू झटकली. खिशातून छोटा कंगवा काढून त्यांनी केस नीट केले, लग्नाला निघाल्यासारखे. थर्मास त्यांनी देवकीपाशी ठेवला, आणि छत्रीसुद्धा. दोन्ही हात मोकळे झाले तेव्हा त्यांचं काय करावं हे त्यांना कळेना. मग त्यांनी ते पाठीमागे बांधले.

देवकीने डबा मांडीवर घेतला आणि झाकणावर तळहात ठेवला. सूर्य आता दीड हातावर होता. ती देवीचं नाव घेत होती, पण डोळे मिटून नाही.

भिकाजी वाळूतून चालू लागले. अर्ध्यावर ते थांबले, सूर्याकडे बघून मनात काही मोजलं, सात घरं असावीत, आणि पाऊल थोडं भराभर टाकत होडीच्या दिशेने गेले.